मूळ तबकडीची मागणी : संगणकावरील मराठी लिपी आणि परभणी जिल्हा

१

परभणी जिल्ह्यातील दप्तरांचा इतिहास हा एका दृष्टीने लिपी आणि भाषा यांच्या पालटाचा इतिहास आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानचा भाग होता आणि त्या संस्थानच्या राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचा घटक बनला. पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठीला राज्याच्या राजभाषेचे स्थान प्राप्त झाले. ज्या जिल्ह्यात बहुसंख्य प्रजेची भाषा एक आणि सरकारी कागदाची भाषा दुसरी अशी स्थिती होती, त्या जिल्ह्यात हा पालट केवळ औपचारिक नव्हता. कागद वाचून घेण्यासाठी तिऱ्हाइताकडे जावे लागू नये, हा त्यामागील व्यावहारिक अर्थ होता.

ह्या घटनांनंतर सुमारे चार दशकांनी कचेऱ्या, महाविद्यालये व दुकाने यांमध्ये टंकलेखन यंत्राची जागा संगणकाने घेतली, आणि कायद्याने सुटलेला एक प्रश्न यंत्राच्या पातळीवर पुन्हा उपस्थित झाला. इ. स. २००१ ते २००७ ह्या काळात सर्वाधिक प्रचारात असलेल्या विंडोज एक्सपी ह्या कार्यप्रणालीवर मराठी मजकूर नीट दिसावा व लिहिता यावा म्हणून एक जादा भाग बसवावा लागे. आणि तो बसविताना संगणक मूळ सीडी मागत असे. ती सीडी नसेल तर काम तेथेच थांबे. याच सुमारास अन्य आज्ञावलींच्या दुरुस्त्याही, म्हणजे ज्यांना व्यवहारात ‘अपडेट’ म्हणतात त्या, ऐन मध्यावर येऊन अशीच मागणी करीत व ती पुरी न झाल्यास अपुऱ्या राहत.

ह्या मागणीचा अर्थ सामान्यतः असा लावला गेला की, विक्रेत्या कंपनीला ग्राहकाच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घ्यावयाची आहे. प्रस्तुत विवेचनाचा हेतू हा समज तपासण्याचा आहे. मूळ तबकडीची मागणी ही मुख्यत्वे परवान्याची मागणी नव्हती, ती ऐवजाची मागणी होती. मात्र ऐवज कोणाजवळ आहे ह्या प्रश्नाचे उत्तर सर्व ठिकाणी सारखे नसल्यामुळे तांत्रिक सोयीच्या एका निर्णयाला सामाजिक परिणाम लाभले, असे या इतिहासाचे परिशीलन केले असता दिसून येते.

२

प्रथम लिपीची बाजू पाहणे अवश्य आहे. भारतीय लिपी संगणकावर आणण्याच्या प्रयत्नांत पुण्याचा वाटा मोठा आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने, कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आरंभ झालेले ‘जिस्ट’ तंत्र पुढे नेले. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ‘इस्की’ ही सांकेतिक प्रणाली प्रमाण म्हणून स्वीकारली. सी-डॅकची ‘आयएसएम’ आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ ह्या आज्ञावलींनी मराठी मुद्रण व कचेरीकाम यांना आधार दिला. तथापि ह्या पद्धतीत एक मर्यादा होती. मजकूर ज्या फाँटात लिहिला असेल तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसेल, तर मराठी अक्षरांच्या जागी अर्थहीन रोमन चिन्हे दिसत. कारण प्रत्येक फाँटकुलाचा संकेत स्वतंत्र असून तो इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसविलेला असे.

युनिकोड ह्या जागतिक संकेतप्रणालीच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतःची जागा मिळाली होती. पण केवळ संकेत ठरल्याने अक्षर उमटत नाही. देवनागरीत अक्षरांचा उच्चारक्रम आणि त्यांची दृश्य मांडणी ही नेहमी एकरूप नसतात. ‘जि’ लिहिताना साठवण्याच्या क्रमात ‘ज’ आधी व वेलांटी नंतर येते; कागदावर मात्र ऱ्हस्व वेलांटी डावीकडे उभी राहते. ‘र्णा’ मधील रफार साठवणीत आधी असून मांडणीत पुढील अक्षराच्या शिरावर चढतो. ही पुनर्रचना करण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा लागते. मायक्रोसॉफ्टच्या कार्यप्रणालीत हे काम ‘युनिस्क्राइब’ नावाचा भाग करीत असे, आणि त्याच्या जोडीला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट असे. विंडोज २००० मध्ये देवनागरी व तमिळ ह्या लिपींची सोय प्रथम झाली. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने तिचा विस्तार गुजराती, गुरुमुखी, कन्नड आणि तेलुगू ह्या लिपींपर्यंत केला.

ही सोय चालू नसलेल्या संगणकावर काय दिसे, हे परभणी जिल्ह्यातील स्थलनामांवरूनच स्पष्ट करता येते. योग्य फाँट मुळीच नसेल तर सर्वत्र रिकामे चौकोन दिसत. फाँट असून जुळणीची यंत्रणा नसेल, तर ‘परभणी’ हे नाव जवळजवळ अविकृत उमटे. कारण त्यात जोडाक्षर नाही, रफार नाही आणि दीर्घ वेलांटी स्वाभाविकपणेच उजवीकडे येते. परंतु त्यापुढील ‘जिल्हा’ हा शब्द दोन ठिकाणी मोडे. ‘जिंतूर’ मधील वेलांटी ‘ज’ ओलांडून पलीकडे जाई आणि ‘पूर्णा’ मधील रफार उतरून पाय मोडलेला ‘र्’ होई. ‘मानवत’, ‘पालम’, ‘पाथरी’ ही नावे मात्र वाचता येत. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांपैकी काहींची नावे यंत्राला साधत व काहींची साधत नसत. अर्धवट वाचता येणारा मजकूर हा मुळीच न वाचता येणाऱ्या मजकुरापेक्षा अधिक फसवा असतो; कारण दोष यंत्राचा नसून लिहिणाऱ्याचा आहे, असा ग्रह त्यामुळे होण्याचा संभव असतो.

३

विंडोज एक्सपीमध्ये युनिस्क्राइब होते, मंगल फाँटही तिच्या मूळ सामग्रीत होता. तरीही इंग्रजी आवृत्तीत भारतीय लिपींची सोय आपोआप बसविली जात नसे. कंट्रोल पॅनेलमधील प्रादेशिक व भाषाविषयक विभागात जाऊन गुंतागुंतीच्या व उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपींसाठीच्या चौकटीत खूण करावी लागे. अरबी, हिब्रू, थाई, आर्मेनियन, जॉर्जियन, व्हिएतनामी आणि भारतीय लिपी यांचा तेथे एकच गट केलेला होता. ही खूण केल्यावर किमान १० मेगाबाइट जागा लागेल अशी सूचना येई. त्यानंतर मूळ सीडीची मागणी होई. सीडी मिळून काम पुरे झाले व संगणक पुन्हा सुरू केला की मगच मराठी कळफलकाचा पर्याय उपलब्ध होई. शिवाय हे सर्व करण्यास व्यवस्थापकाचा अधिकार लागत असल्याने महाविद्यालयातील वा सायबर कॅफेतील सामान्य वापरकर्त्याला ते शक्य नसे.

येथे मागणीचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. विंडोजच्या सीडीवर ‘आय३८६’ नावाचे एक दालन असे आणि त्यात कार्यप्रणालीच्या बहुतेक सर्व फाइली आकुंचित रूपात ठेवलेल्या असत. प्रथम स्थापना करताना निवडलेल्या भागांच्याच फाइली संगणकावर उतरत. उरलेल्या सीडीवरच राहत. स्थापना ज्या ठिकाणाहून झाली त्या ठिकाणाची नोंद संगणक आपल्या नोंदवहीत, म्हणजे ‘रजिस्ट्री’त, करून ठेवी. पुढे नवा भाग हवा झाला की तो प्रथम त्याच ठिकाणी शोध घेई आणि तेथे काही न मिळाल्यास सीडी मागे. सीडी दिल्यावर तिच्या मुळाशी असलेल्या एका लहानशा खुणेच्या फाइलीवरून ती कोणत्या आवृत्तीची आहे, एवढेच पाहिले जाई. परवान्याचा क्रमांक ह्या प्रसंगी पुन्हा विचारला जात नसे. मागणी जर परवान्याच्या शाबितीसाठी असती, तर नेमका तोच प्रश्न विचारला गेला असता. तसे होत नसे, यावरून मागणीचा हेतू गहाळ फाइली मिळविणे हाच होता, असा निष्कर्ष निघतो.

ह्याच कारणास्तव अडचणीचे निवारणही साधे होते. मात्र ते माहीत असणे आवश्यक होते. कित्येक उत्पादक संगणक विकताना आय३८६ हे दालन चकतीवरच ठेवून देत. तसे असल्यास संगणकाला त्या दालनाचा मार्ग दाखविला की सीडीवाचून काम होई. ज्याच्याजवळ सीडी एकदाच काही काळापुरती येणार असेल त्याने ते दालन चकतीवर उतरवून ठेवणे हा पुढील काळाचाही बंदोबस्त होता. दुसरी अडचण आवृत्तीभेदाची होती. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक प्रसिद्ध झाला. तो बसविल्यानंतर संगणक कधी कधी त्या सर्व्हिस पॅकची सीडी मागे आणि २००१ ची मूळ सीडी नाकारी. त्या वेळी विंडोजच्या दालनातील ‘सर्व्हिसपॅकफाइल्स’ हा उपविभाग दाखविणे हा उपाय असे. मूळ सीडी हाती असूनही काम अडावे, ह्याचा उलगडा अशा रीतीने होतो. सीडी मूळची होती खरी, पण संगणक आता मूळचा राहिला नव्हता.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड होता. अनेक उत्पादक संगणकाबरोबर मूळ सीडीऐवजी पूर्वस्थिती आणणारी ‘रिकव्हरी’ सीडी देत, किंवा चकतीचाच एक गुप्त भाग त्यासाठी राखून ठेवीत. तिच्यातून एखादी सुटी फाइल काढून देता येत नसे. ती सर्व संगणक विक्रीच्या दिवशी होता तसा करून ठेवी, आणि त्या भरात वापरकर्त्याचे स्वतःचे कामही नाहीसे होण्याचा धोका असे. दहा मेगाबाइटांच्या लिपीसाठी संपूर्ण संगणक पुसणे हा उपाय कोणी सुज्ञ मनुष्य पत्करणार नाही.

४

येथवर जे पाहिले ते नव्या भागाच्या स्थापनेसंबंधी होते. अस्तित्वात असलेल्या भागाच्या दुरुस्तीलाही मूळ तबकडी का लागावी, हा त्याहून सूक्ष्म प्रश्न आहे.

१९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही नवी पद्धती प्रचारात आली. पूर्वी प्रत्येक आज्ञावली आपापल्या रीतीने स्थापित होत असे. आता प्रत्येक आज्ञावलीची घटकवार यादी एका कोष्टकरूप फाइलीत ठेवली जाऊ लागली. स्थापनेनंतर त्या यादीची एक प्रत विंडोजमधील ‘इन्स्टॉलर’ नामक दालनात राही. परंतु चकतीवरील जागा वाचविण्यासाठी त्या प्रतीतून प्रत्यक्ष फाइली वगळलेल्या असत. कोणत्या फाइली असाव्यात हे संगणकाला ठाऊक असे. त्या फाइली मात्र सीडीवर असत.

याला जोड मिळाली ती फरकमात्र दुरुस्त्यांची. मंद दूरध्वनीजोडणीवरून दुरुस्ती उतरवून घेणे सुलभ व्हावे म्हणून संपूर्ण नव्या फाइलीऐवजी जुनी व नवी यांमधील केवळ अंतर पाठविण्याची रीत स्वीकारण्यात आली. महसुली दप्तराचा परिचय असणाऱ्यास हे सहज समजेल. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. तीतील नोंद ही आधीच्या अधिकारअभिलेखावर आधारलेली असते. मूळ नोंद समोर नसेल तर फेरफाराने नेमके काय बदलले हे सांगता येत नाही. फरकमात्र दुरुस्तीचेही तसेच होते. जी फाइल बदलावयाची ती मूळ स्वरूपात सापडली नाही, किंवा मधल्या एखाद्या दुरुस्तीने ती अगोदरच पालटलेली असली, तर यंत्रणा मूळ प्रत मिळविण्यासाठी सीडी मागे. ऑफिस २००० च्या पहिल्या मोठ्या दुरुस्तीच्या वेळी, म्हणजे २००० मध्ये, ही मागणी सर्वत्र अनुभवास आली. २००१ च्या ऑफिस एक्सपीसाठी दुरुस्त्यांचे दोन प्रकार प्रसिद्ध होऊ लागले : घरगुती ग्राहकांसाठी आकाराने लहान व फरकमात्र; आणि संस्थांच्या व्यवस्थापकांसाठी मोठ्या, पूर्ण फाइलींच्या.

यावरून एक विसंगती लक्षात येते. लहान दुरुस्ती ही मंद जोडणीच्या ग्राहकाची सोय म्हणून योजिलेली होती. पण तिलाच मूळ सीडीची गरज अधिक पडे. ज्याच्याजवळ जोडणी मंद आणि सीडीही नाही, त्याची दोन्हीकडून कोंडी होई. पूर्ण फाइलींची दुरुस्ती सीडीवाचून पुष्कळदा बसे. परंतु ती उतरवून घेण्यास वेगवान जोडणी हवी आणि ती अस्तित्वात आहे हे माहीत हवे. परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी, विक्रेत्याने आज्ञावली आधीच बसवून दिलेला संगणक आणि दूरध्वनीवरून मिळणारी इंटरनेटची जोडणी, ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या असता ही कोंडी पुरी होत असे.

५

अपयशी दुरुस्तीवर जे उपाय रूढ झाले त्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग ऐवज पुरविणाऱ्या उपायांचा. त्याच आवृत्तीची, त्याच भाषेची व त्याच प्रकारची सीडी देणे, अथवा तिची प्रत चकतीवर किंवा कचेरीतील सामाईक संगणकावर ठेवून तो मार्ग दाखविणे, हे यात येते. ‘स्टँडर्ड’ आवृत्तीच्या जागी ‘प्रोफेशनल’ आवृत्तीची सीडी दिल्यास ती नाकारली जाई. ह्या बारकाव्याकडे दुर्लक्ष झाल्याने अनेकदा सीडीच खराब आहे असे मानले गेले.

दुसरा वर्ग नोंद पुसणाऱ्या उपायांचा. आज्ञावली बसलेली आहे ही नोंदच काढून टाकावी व सर्व स्थापना नव्याने करावी, असा तो मार्ग होता. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप’ नावाचे साधन दिले होते. पण ते अन्य घटकांनाही अपाय करते असे आढळल्याने २०१० मध्ये ते मागे घेण्यात आले. याच्याच जवळचा एक अनर्थकारी प्रकार म्हणजे जागा रिकामी करण्याच्या हेतूने इन्स्टॉलर दालनच पुसून टाकणे. त्याचे फळ लगेच दिसत नसे. काही महिन्यांनी दुरुस्ती आली म्हणजे ती जुन्या स्थापनेची मूळ फाइल मागू लागे आणि आज्ञावली दुरुस्तही होत नसे व काढूनही टाकता येत नसे.

तिसरा वर्ग गहाळ ऐवज अन्य मार्गाने मिळविण्याचा. भारतीय लिपींच्या बाबतीत ह्याचे उल्लेखनीय उदाहरण शेजारील बांगलादेशातून आले. ‘अभ्र’ हा बंगाली कळफलक तयार करणाऱ्या ओमिक्रॉनलॅब या गटाने ‘आयकॉम्प्लेक्स’ नावाचे छोटे साधन प्रसिद्ध केले. विंडोजच्या सीडीवाचून गुंतागुंतीच्या लिपींची सोय चालू करणे हेच त्याचे कार्य. अडचण बंगालीची असली तरी चौकटीतील गट एकच असल्यामुळे ती सुटली की देवनागरीचीही सुटत असे. हे साधन निर्माण व्हावे लागले, हाच त्या अडचणीच्या व्याप्तीचा पुरावा होय.

उत्पादकानेही हा दोष कालांतराने जाणला. ऑफिस २००३ मध्ये स्थापनेची सामग्री चकतीवरच एका गुप्त दालनात राखून ठेवण्याची सोय करण्यात आली. २००४ मधील विंडोज इन्स्टॉलरच्या तिसऱ्या आवृत्तीने दुरुस्त होणाऱ्या फाइलींच्या मूळ प्रती स्वतःजवळ जपण्यास आरंभ केला. चकतींची धारणशक्ती वाढून जागेची किंमत उतरल्यामुळे हे शक्य झाले. जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये भारतीय लिपींची सोय आरंभापासूनच चालू ठेवण्यात आली, आणि मराठीसाठी सीडी मागण्याचा प्रकार नव्या संगणकांपुरता संपला. जुने संगणक मात्र लगेच नाहीसे झाले नाहीत. विंडोज एक्सपीचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ रोजी थांबला. तोपर्यंत ही मागणी अनेक कचेऱ्यांतून जिवंत होती. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. युनिकोडमधील मराठीचा प्रसार आणि तिच्यासाठी सीडी शोधण्याची यातायात ही दोन्ही एकाच दशकात घडली, हे यासंबंधी ध्यानात ठेवले पाहिजे.

६

ह्या सर्व विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, मूळ सीडीची मागणी ही बहुतांशी जागेच्या काटकसरीतून उद्भवली. १० मेगाबाइटांची काटकसर ज्यांनी केली त्यांच्या दृष्टीने भारतीय लिपी ही ऐच्छिक वस्तू होती. परभणीच्या वाचकाच्या दृष्टीने ती एकमेव लिपी होती. कोणती गोष्ट मूळ धरावी व कोणती जादा धरावी, हा निर्णय तांत्रिक दिसला तरी तो मूल्याचा निर्णय असतो.

दुसरा निष्कर्ष असा की, मागणीचा तांत्रिक हेतू निर्दोष असला तरी तिचा भार समप्रमाणात पडत नाही. सीडीसह संगणक घेणाऱ्या मोठ्या संस्थेला जी गोष्ट पाच मिनिटांची होती, ती दुकानदाराकडून तयार संगणक घेणाऱ्या विद्यार्थ्याला अशक्य होती. आज सीडीच लुप्त झाल्याने प्रश्न मिटला असे वाटते. वस्तुतः मूळ सामग्री आता दूरच्या संगणकावर गेली असून तिच्यासाठी अखंड जोडणी व चालू खाते लागते. अवलंबन नाहीसे झालेले नाही, त्याचे स्थान बदलले आहे.

तिसरा निष्कर्ष इतिहासाच्या अभ्यासकांशी थेट संबंधित आहे. युनिकोडपूर्व फाँटांत लिहिलेला मराठी मजकूर आजही संस्थांच्या चकत्यांवर व सीडींवर पडून आहे. तो वाचण्यास तो तो फाँट, आणि कित्येकदा ती ती आज्ञावली व तिचे हार्डवेअर कुलूपही, लागते. मराठवाड्यातील जमिनीच्या वादात १९५४-५५ चे खासरा पत्रक आजही पुढे आणावे लागते, कारण नंतरच्या नोंदींचा मेळ त्याच्याशी घालावा लागतो. ते कागदावर असल्याने जुनी अक्षरे जाणणारा मनुष्य मिळाला की वाचता येते. चकतीवरील अक्षर वाचण्यास जाणता मनुष्य पुरेसा नसतो. त्याला मूळ साधन लागते. म्हणून विद्यापीठे, महाविद्यालये आणि जिल्हा कचेऱ्या यांनी जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे, रूपांतर मूळाशी ताडून पाहणे, आणि ते पूर्ण होईपर्यंत जुने फाँट व स्थापनेच्या सीडी दप्तराचाच भाग समजून आवृत्तीच्या नोंदीसह जतन करणे अगत्याचे आहे. जुन्या सीडींचे खोके बहुधा भंगाराच्या यादीत प्रथम जाते. परभणी जिल्ह्याच्या १९९० नंतरच्या दोन दशकांचा इतिहास ज्यांना पुढे लिहावयाचा आहे, त्यांच्या साधनांची एक किल्ली त्या खोक्यात असण्याचा संभव आहे.